रंजना मेहेर आणि क्षय तिथी

रंजना मेहेरबद्दल लिहायचं मी बरेच दिवस टाळत आलो. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहिणं सोपं असतं. तो माणूस पुढे काही करून आपल्याला खोटं पाडेल ही धास्ती नसते. रंजना धडधाकट आहे. वापीकडच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे असं कळतं. अशा माणसाबद्दल चांगलं लिहायचं तर आधी त्याचा हेवा करणं थांबवावं लागतं, आणि ते मला अजून जमलेलं नाही. तरी लिहितो.

आमचं संस्थान पालघर-बोईसर रस्त्यापासून थोडं आत आहे. रस्त्यावर कमान आहे. ती एवढी मोठी आहे की मागचं मंदिर तिच्यापुढे लहान वाटतं, आणि तरीही ती आणखी उंच करावी अशी सूचना विश्वस्तांच्या दर बैठकीत कुणीतरी मांडतंच. किनाऱ्यावरची गावं, डोंगरातले पाडे आणि पार गुजरातेपर्यंत संस्थानाची केंद्रं पसरलेली आहेत. संस्थानाचा मुख्य उद्योग (हा शब्द विश्वस्तांना आवडणार नाही) म्हणजे कायम सेवा. तुम्ही एक नाव आणि एक तिथी नोंदवायची. वडिलांची पुण्यतिथी, नातवाचा जन्म, काहीही. मग दरवर्षी त्या तिथीला मंदिरात त्या नावाने संकल्प होतो, पूजा होते, आणि पूजा झाल्याचं कार्ड व अंगाऱ्याची पुडी घरी येते. माणूस विसरेल, संस्थान विसरणार नाही, असा हा करार.

ही नावं पूर्वी मंदिराचे पुजारी उपाध्येगुरुजी एका जाडजूड वहीत बघून वाचायचे. मी तारापूरला वीजकेंद्रात संगणकांवर नोकरीला होतो. भाविक नव्हतो आणि नाही. बायकोला गुरुवारी मंदिरात सोडायचो आणि बाहेर बाकावर पुस्तक वाचत बसायचो. एकदा गुरुजींना थुंकी लावून वहीची पानं उलटताना पाहिलं आणि मला त्यांची कीव आली. कीव हे अहंकाराचंच सोवळ्यातलं रूप आहे, हे तेव्हा कळत नव्हतं. संध्याकाळी घरी बसून मी चार महिन्यांत एक प्रोग्रॅम लिहिला. वर्षाच्या सुरुवातीला पंचांग समोर ठेवून रोजची तारीख आणि त्या दिवशीची तिथी टाइप करायची. मग रोज पहाटे प्रिंटर करकरत त्या दिवसाची नावं छापून द्यायचा. गुरुजींनी वही फडक्यात बांधून माळ्यावर टाकली. संस्थानाच्या गादीवरच्या महाराजांनी पुढच्या गुरुपौर्णिमेला हजारोंसमोर सांगितलं, "आपला संगणक कुणाची सेवा चुकवत नाही." ते वाक्य त्यांना एवढं आवडलं की पुढे दरवर्षी ते येऊ लागलं. मी देवरे, पण संस्थानात माझी ओळख 'संगणकवाले देवरेकाका' अशी झाली. निवृत्तीनंतर तर मी तिथेच एका खोलीत बसू लागलो. दारावर पाटी लागली. पाट्यांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. ती पाटी मात्र मी दर शनिवारी पुसायचो.

सव्वीस वर्षं तो प्रोग्रॅम चालला. मशिनं बदलली, तो बदलला नाही. शेवटी अशी वेळ आली की त्याला चालेल असा प्रिंटर आणि त्याला कळेल अशी तार बाजारात मिळेना. मी दर रविवारी बोईसरच्या भंगारवाल्याकडे जाऊन कारखान्यांतून टाकून दिलेल्या संगणकांचे अवयव शोधायचो. तो म्हणायचा, "अंकल, ये अब दुकान में नहीं, म्यूझियम में मिलेगा." एका गुरुवारी गर्दीच्या वेळी सर्व्हर बसला आणि तीन तास उठलाच नाही. विश्वस्तांचे अध्यक्ष चौधरीसाहेब यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काका, तुम्ही खूप केलंत." हे वाक्य माणसाला सन्मानाने बाजूला करण्यासाठीच जन्माला आलं आहे.

आणि मग रंजना आली.

चाळिशीची, ठेंगणी, सातपाटीची. आई मासळी विकायची. ही रात्रशाळेतून वर आली आणि पंधरा वर्षं तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांचे संगणक सांभाळत होती. नोकरी सोडून तिने आमचं काम घेतलं होतं. नवी यंत्रणा नीट चालली तर पुढची पाच वर्षं देखभालीचं कंत्राट तिलाच मिळणार होतं, आणि त्या भरवशावर तिने पालघरला एसटी स्टँडजवळ एक गाळा बघून ठेवला होता. हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मी तिला काही सांगितलं नाही. माझ्या प्रोग्रॅमचं कौतुक ती कधी करते याची मी वाट पाहत होतो.

ती म्हणाली, "कुनी शिकवलं तुमाला काका?"

"कुणी नाही. स्वतःच."

"दिसतंय," ती म्हणाली आणि पुढचं पान उघडलं.

तो शेरा चांगला की वाईट यावर मी दोन रात्री घालवल्या.

तिला बोलण्याची घाई नसे. कुणी काही तक्रार सांगितली की ती एवढंच म्हणे, "आदी बघू, मंग बोलू." आणि खरोखरच बघायची. नोंदणीच्या खिडकीत बसणाऱ्या बायकांच्या शेजारी स्टूल टाकून बसायची. "तुमी काय करता ते करा, मी हाय असं समजू नका." तीन दिवसांत तिला कळलं की त्या बायका प्रत्येक नाव आधी कागदावर लिहितात आणि मग टाइप करतात, कारण माझ्या प्रोग्रॅममध्ये चुकलेलं अक्षर दुरुस्त करायला सगळं नाव पुन्हा लिहावं लागे. सव्वीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं की सगळ्या म्हणायच्या, "छान चाललंय काका." मला त्याचाही अभिमान होता.

सर्व्हरची गोष्ट सांगायला हवी. आमच्या सर्व्हरला दसऱ्याला झेंडूचा हार पडायचा, दिवाळीला हळदकुंकू, आणि दर गुरुवारी अंगारा. पंख्यातून तो सगळा ऐवज आत जायचा. मी याविरुद्ध तीन लेखी अर्ज दिले होते आणि भिंतीवर सूचना लावली होती: 'विद्युत उपकरणांवर पूजाद्रव्ये वाहू नयेत.' पुढच्या दसऱ्याला त्या सूचनेलाही हळदकुंकू लागलं. रंजनाने मशिनचं झाकण काढलं आणि उपाध्येगुरुजींना बोलावून घेतलं. आत बोटभर राख होती. ती म्हणाली, "गुरुजी, हात लावून बघा. याला ताप आलाय." गुरुजींनी खरंच हात लावला. मग तिने जुन्या टूथब्रशने सगळं झाडून काढलं, आणि मशिनपासून चार हात लांब भिंतीवर एक फळी ठोकून तिथे महाराजांचा लहानसा फोटो ठेवला. "पूजा हितं करायची. देवाला आनि मशीनला एकाच जागी बसवलं तर दोगांना पन गरम व्हतं." त्या दिवसापासून मशिनवर कुंकवाचा कण पडला नाही. माझी सूचना मी गुपचूप काढून टाकली.

दुसरी गोष्ट पासवर्डची. संस्थानात चाळीस-पन्नास संगणक आणि त्या सगळ्यांचा पासवर्ड एकच: महाराजांचा मंत्र. तो कमानीवर, कॅलेंडरवर, रिक्षांच्या काचांवर लिहिलेला. बदलायचा म्हटल्यावर सेवेकऱ्यांत खळबळ झाली. एक आजोबा तर म्हणाले, "मंत्र काढून टाकायचा? मग मशिनचं रक्षण कोण करणार?"

रंजना म्हणाली, "आजोबा, मंत्र सगळ्यांना ठाव हाय म्हनून तर तो मंत्र. कुलूप येगळं, जप येगळा. जप तुमी तोंडानं करा."

"मग नवीन काय ठेवू? लक्षात राहायला पाहिजे ना!"

"ज्याचा सगळ्यात जास्त राग येतो त्याचं नाव ठेवा आनि फुडं तीन आकडे. ते नाय कदी इसरत मानूस."

सगळे हसले, आणि अर्ध्या तासात सगळ्यांचे पासवर्ड बदलून झाले. त्यानंतर कित्येक दिवस मी कुणाच्याही टेबलाजवळून गेलो की टाइप करणाऱ्या बोटांकडे बघायचो. माझं नाव टाइप करायला पाच बटणं लागतात, 'चौधरीसाहेब' लिहायला जरा जास्त. बरेच जण बराच वेळ टाइप करत होते, हा त्यातल्या त्यात दिलासा.

दुपारी ती संस्थानात जेवत नसे. महाप्रसादाची पंगत असायची. विश्वस्तांच्या बायका आग्रह करायच्या. रंजना डबा घेऊन कमानीच्या बाहेर रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसायची. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "काका, संस्थानात मासे आनायचे नाय, हा तुमचा नियम. माज्या डब्यात मासे नाय असं व्हायचं नाय, हा माजा. दोनी पाळायचे तर मी भायेर बसायचं." आठवडाभराने गेटवरचा रखवालदार तिच्याजवळ बसू लागला. मग ड्रायव्हर. मग एक दिवस मी पाहिलं, मत्स्याहार सोडल्याचं भर सभेत जाहीर केलेले एक विश्वस्त गाडीची काच अर्धी खाली करून तिच्याशी हळू आवाजात बोलत होते. दुसऱ्या दिवशी सातपाटीहून एक बर्फाची पेटी आली आणि परस्पर त्यांच्या बंगल्यावर गेली. रंजनाने हे कुणाला सांगितलं नाही. मला सांगितलं नाही, हे मला लागलं.

हेव्याचं एक लक्षण असं की माणूस दुसऱ्याच्या कामात चूक शोधत नाही, चूक होण्याची वाट बघतो. मी वाट बघत होतो.

ती चूक मला मिळाली भाद्रपदात. रंजनाचा आग्रह होता की दोन महिने जुनी आणि नवी अशा दोन्ही यंत्रणा सोबत चालवायच्या. पहाटे दोन याद्या निघतील, त्या जुळल्या तरच जुनी बंद करायची. पहिला महिनाभर रोज याद्या जुळल्या. मी रोज त्या स्वतः ताडून बघायचो आणि रोज हिरमुसून चहाला जायचो. आणि एका बुधवारी नव्या यादीत एकवीस नावं जास्त आली. माझ्या यादीत ती नव्हतीच.

मी पुन्हा मोजली. मग तिसऱ्यांदा मोजली, फक्त आनंदासाठी.

त्याच दिवशी अकरा वाजता विश्वस्तांची बैठक होती. रंजनाला आधी सांगायला हवं होतं. मी थेट बैठकीत गेलो, दोन्ही याद्या टेबलावर ठेवल्या आणि अतिशय शांत आवाजात, जवळजवळ खेदाने, म्हणालो, "नवीन यंत्रणा स्वतःच्या मनाने नावं वाढवते आहे. आज एकवीस वाढली. उद्या कुणाची गाळली तर जबाबदार कोण?"

चौधरीसाहेबांनी रंजनाकडे पाहिलं. तिने दोन्ही याद्या ओढून घेतल्या. खूप वेळ बघत राहिली. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तिची नजर गेली, मग परत यादीवर आली, आणि मग माझ्यावर. ती नजर मला तेव्हा कळली नाही. मला वाटलं, ती घाबरली आहे.

"काय झालं मेहेरबाई?" चौधरीसाहेबांनी विचारलं.

"माजंच काय तरी राहिलं असल," ती म्हणाली. "दोन दिवस द्या."

चौधरीसाहेबांचा चेहरा उजळला. मुंबईची एक टायवाली कंपनी त्यांच्याकडे महिनाभर खेटे घालत होती, आणि सातपाटीच्या बाईपेक्षा टायवाल्यांबरोबर फोटो चांगला येतो. ते म्हणाले, "बाई, काम तुमचं चांगलं आहे. पण संस्थानाला चूक परवडत नाही. देखभालीच्या कंत्राटाचा आपण पुन्हा विचार करू." मी बिस्किट घेतलं.

दुपारी ती माझ्या खोलीत आली. हातात पंचांग. तिने ते माझ्यापुढे उघडून ठेवलं आणि एका ओळीवर बोट टेकवलं.

"काका, आज बुदवारी सूर्योदयाला कुठली तिथी?"

"एकादशी."

"आनि उद्या, गुरुवारी?"

"त्रयोदशी."

"मंग द्वादशी कुठं गेली?"

मी पंचांगाकडे पाहिलं. द्वादशी बुधवारच्या ओळीत कोपऱ्यात होती. सूर्योदयानंतर लागून दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत संपलेली. शेजारी बारीक अक्षरात छापलं होतं: क्षय. असा शब्द वर्षातून दहा-बारा वेळा येतो. मी तो सव्वीस वर्षं वाचला होता आणि एकदाही टाइप केला नव्हता, कारण माझ्या प्रोग्रॅममध्ये एका दिवसाला एकच तिथी टाकायची जागा होती.

"म्हणजे ज्यांची सेवा द्वादशीला..."

"त्यांची यंदा झालीच नसती. तुमच्या यादीत आलीच नाय ना ती." तिचा आवाज चढलेला नव्हता. "आमच्यात पानी तिथीवर मोजतात काका. उदान कदी, म्हंजे मोठी भरती; भांग कदी, म्हंजे लहान. दर्याला क्षय नाय ठाव. द्वादशीचं पानी आज आलंच."

मी उपाध्येगुरुजींना दोष द्यायचा विचार करून पाहिला. त्यांना हे माहीत होतं. वहीच्या काळात ते क्षय तिथीच्या पूजा बिनबोभाट आदल्या तिथीबरोबर उरकत असत. पण संगणक आल्यावर त्यांनी पंचांग बघणं सोडलं. भटजींनी संगणकावर विश्वास ठेवला आणि नास्तिकाने स्वतःवर. दोघांनी मिळून वर्षाला दीडेकशे माणसांचा करार मोडला. मधूनमधून पत्रं यायची, 'यंदा कार्ड आले नाही.' मी उत्तर द्यायचो, टपालात गहाळ झालं असेल. तसं मला खरंच वाटायचं.

"तू हे बैठकीत का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगतलं असतं तर दोन तास तुमच्यावर बोलत बसले असते. मंग चौकशी, मंग कमिटी. पूजा तशाच राहिल्या असत्या. मला पूजा उरकायच्या हायेत." मग ती पंचांगाची पानं उगाच चाळत म्हणाली, "मी ही चूक आदीच शोधली व्हती, तुमाला एकट्याला सांगनार व्हते. यादी उघडली की मानूस पयलं आपल्या घरचं नाव बघतो. माज्या बाबाची नवमी. मी दहावीत असताना एका साली कार्ड नाय आलं. आय दोन येळा पोस्टात जाऊन आली. मंग तिला वाटलं, बाबा रुसला. वरीसभर तिनं पायात चप्पल नाय घातली. डोक्यावर पाटी आनि अनवानी."

ती म्हणाली, "जुनी पंचांगं ठेवलीत ना तुमी? सगळी द्या."

सव्वीस पंचांगं मी कपाटातून काढून दिली. वर्षानुवर्षं नीट रचून ठेवली होती; मी फार व्यवस्थित माणूस आहे. तिने त्यातून प्रत्येक साली गळालेली प्रत्येक तिथी शोधली आणि त्या तिथीची सगळी नावं काढली. चार हजारांवर निघाली. गुरुजींकडे यादी घेऊन गेली आणि एवढंच म्हणाली, "मागची बाकी हाय. रोज बारा नावं जास्त घ्या, वर्सात संपल." गुरुजींनी कुणाची चूक ते विचारलं नाही. यादी कपाळाला लावली.

दोन दिवसांनी तिने विश्वस्तांना कळवलं, "झालं दुरुस्त." यंत्रणेत तिने काहीही बदललं नव्हतं, कारण बदलायला काही नव्हतं. दसऱ्याला महाराजांच्या हस्ते नवीन सर्व्हरचं उद्घाटन झालं. फीत, नारळ, ड्रोन. नारळ सर्व्हरवरच फोडावा असं एका विश्वस्ताचं मत पडलं, पण गुरुजींनी सगळ्यांना फळीकडे वळवलं. देखभालीचं कंत्राट टायवाल्यांना गेलं. त्या बैठकीत मी होतो. एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. ते वाक्य मी मनात जुळवत होतो, तेवढ्यात पुढचा विषय आला, कमानीच्या उंचीचा.

रंजना सामान आवरायला आली तेव्हा मी म्हणालो, "गाळ्याचं काय केलंस?"

"दुसऱ्यानं घेतला. झेरॉक्सवाला बसलाय." मग हसून, "जागा चांगली व्हती काका. पयल्या दिवसापासून गर्दी हाय त्याच्याकडं."

मला तिने शिव्या द्यायला हव्या होत्या. तिच्या जागी मी असतो तर दिल्या असत्या. किंवा त्याहून वाईट म्हणजे दिल्या नसत्या आणि दिल्या नाहीत हे पुढे दहा जणांना सांगितलं असतं. तिने यातलं काही केलं नाही, आणि हे तिला कष्टाने जमलं असंही दिसत नव्हतं. हेवा मला तिच्या हुशारीचा आधी वाटला होता. हुशारीचा हेवा पचतो. माणूस म्हणतो, वय तिच्या बाजूला आहे. हा दुसरा हेवा पचत नाही.

त्या वर्षी रोज सकाळी माझ्या खोलीत मंदिराच्या कर्ण्यातून गुरुजींचा आवाज यायचा. नेहमीची नावं झाली की क्षणभर थांबायचे आणि मग ती बारा. एके दिवशी ऐकलं, "काश्यप गोत्र, नारायण पांडुरंग मेहेर, सातपाटी." मी खिडकी लावायला उठलो आणि लावली नाही.

वर्ष संपलं, बाकी संपली, आणि संस्थानाने माझा सत्कार ठरवला. मी दोनदा नको म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो असतो तर त्यांनी ऐकलं असतं, म्हणून म्हणालो नाही. मंडपात पाच हजार माणसं. स्टेजवर भिंतीएवढा पडदा, त्यावर माझा फोटो, हनुवटीखालची घडी पुसून टाकलेला. सूत्रसंचालकाने मला 'संगणकमहर्षी' म्हटलं. मानपत्रात माझी तुलना ज्यांच्याशी केली होती त्यांतल्या निम्म्या ऋषींची नावं मी पहिल्यांदाच ऐकली. महाराज उंच आसनावर होते. शाल, श्रीफळ झालं. मला दोन शब्द बोलायला सांगितलं.

समोर पाहिलं तर उजवीकडे, अगदी मागे, सातपाटी केंद्राच्या बायका बसल्या होत्या, आणि त्यांच्यात रंजना. ती आईला घेऊन आली असावी. शेजारी एक पांढऱ्या केसांची म्हातारी होती.

मी ठरवून गेलो नव्हतो. माइक हातात आला आणि मी बोललो. म्हणालो की सव्वीस वर्षं माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक होती. क्षय तिथीच्या सेवा त्यात गळत होत्या. ती चूक रंजना मेहेर यांनी शोधली, ठपका स्वतःवर घेतला, आणि सगळ्या राहिलेल्या पूजा पुऱ्या करून घेतल्या. त्यांचं कंत्राट माझ्यामुळे गेलं आणि मी गप्प बसलो.

मला वाटलं, झालं. आता काय व्हायचं ते होवो.

मग महाराज आसनावरून पुढे झुकले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी स्वतःचा माइक ओढला. "पाहा," ते म्हणाले. "पाहा हा विनय! दुसऱ्याची चूक स्वतःच्या माथी घ्यायची, आणि ज्याची चूक त्याचाच गौरव करायचा. याला मन किती मोठं लागतं!"

टाळ्या सुरू झाल्या. चौधरीसाहेब उभे राहिले, म्हणून सगळे विश्वस्त उभे राहिले, म्हणून मंडप उभा राहिला. मी ओरडलो, "नाही, ऐका, खरंच माझी..." सूत्रसंचालकाने हळूच माइक काढून घेतला आणि सांगितलं, "सर भावुक झाले आहेत." टाळ्या वाढल्या.

उभ्या राहिलेल्या माणसांच्या फटीतून मला ती मागची रांग दिसत होती. तिथे कुणी उठलं नव्हतं. रंजना दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. क्षणभर मला वाटलं, ती रडते आहे. मग तिने हात काढले. ती हसत होती; पोट धरून, डोळे पुसत. शेजारच्या म्हातारीने तिला कोपराने डिवचून काहीतरी विचारलं. रंजना तिच्या कानाशी वाकली आणि बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. मग तीही हसायला लागली. तिने पलीकडच्या बाईला सांगितलं, तिने पुढचीला, आणि पाच हजार माणसं डोळे टिपत टाळ्या वाजवत असताना ती एक रांगच्या रांग हसत सुटली.

खांद्यावरची शाल घसरत होती. ती कुणीतरी पुन्हा नीट बसवली. मला त्या रांगेत जाऊन बसायचं होतं.